गल्लीच्या तळाशी खडखडणारी जाळी

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्यावर पाय देऊन जाता आणि कधी खाली बघत नाही, म्हणून मीच ओळख करून देते. मी एक जुनी जाळी आहे. खिडकीला डास अडवायला लावतात तसली नाजूक नव्हे. रस्त्याच्या कडेच्या गटारावर बसवलेली, बिडाची, चांगली वजनदार.

माझा जन्म भोसरीच्या एका फाउंड्रीत झाला. मोडक्या यंत्रांचं बीड वितळवून मला साच्यात ओतलं. त्याच बिडातून ओतलेली माझी काही भावंडं चाकणला गाड्यांच्या इंजिनांत गेली. मला मात्र चिंचवडात, पवना नदीजवळच्या एका उतरत्या गल्लीच्या तळाशी बसवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पाऊस लागला की सगळी गल्ली माझ्याकडे धाव घ्यायची आणि मी ते पाणी गटागटा पिऊन टाकायचे. खोली बघायला आलेल्या भाडेकरूंना लोक सांगायचे, "आपल्याकडे पाणी तुंबत नाही हां!" ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. मोरीचं सांडपाणी वेगळ्या नळांतून शुद्ध करायला नेतात. माझ्यातलं पाणी तसं जात नाही. ते नाल्यातून थेट नदीत जातं, जसंच्या तसं.

आमच्या शालनबाईंनाही हे माहीत नव्हतं. त्या समोरच्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि कंपनीच्या गेटवर शिफ्टच्या लोकांना गरम भजी विकतात. बाई मनाने मोठी, पण उरलेलं काळं तेल रोज माझ्याच तोंडात! मोरीत ओतलं तर घरची मोरी तुंबते ना. "गटारच हाय, जातंय वाहून," असं वर म्हणायच्या. ते कुठलं वाहून जायला? माझ्या गजांना चिकटून बसायचं. त्याला नारळाच्या शेंड्या, केस, पिशव्या चिकटायच्या. जे सुटायचं ते नदीच्या पाण्यावर तवंग होऊन पसरायचं. माझा जीव गुदमरायचा, पण मला विचारतो कोण!

माझ्या अगदी शेजारी, तळमजल्यावर, विलासचं घर. परभणीकडून येऊन तो चाकणच्या एका कंपनीत लागला. घरात बायको मैत्री, बहीण योगिनी आणि आई कस्तुराबाई. कस्तुराबाईंच्या पायांत बळ उरलेलं नाही. त्या दिवसभर दाराजवळच्या खाटेवर बसून असतात.

आता माझी खोड सांगते. माझा एक कोपरा झिजलाय, त्यामुळे वरून दुचाकी गेली की मी खडखड वाजते. योगिनीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा विलास वैतागला. "काय राव, वास काय, आवाज काय! पाहुणे काय म्हणतील?" त्याने कंपनीच्या भंगारातून कन्व्हेयरच्या जाड रबरी पट्ट्याचा तुकडा आणला. आमच्या भागात हा पट्टा घरोघरी असतो. कुठे पायपुसणं म्हणून, कुठे कपडे धुवायच्या मशीनखाली. विलासने तो माझ्यावर अंथरला. आवाज थांबला, वास थांबला, योगिनीचं लग्नही जमलं. ती नांदायला गेली, पण पट्टा काही हलला नाही. त्यावर माती बसली आणि गल्ली मला विसरून गेली. फक्त शालनबाई रोज त्याची कड उचलून तेल ओतायच्या.

मग तो ऑगस्ट आला. धरणातून पाणी सोडणार, काठावरच्यांनी सावध राहावं, असं सांगत गाडी फिरत होती. आमची गल्ली अगदी काठावर नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. विलास कामावर होता. दुपारी पाऊस असा कोसळला की वरच्या रस्त्याचं सगळं पाणी गल्लीत उतरलं. नाल्यात अजून जागा होती, पण माझं तोंड बंद होतं. पाणी उंबरा ओलांडून घरात शिरलं.

मैत्री मोठी हुशार. तिने कोरडा लाकडी पाट घेऊन त्यावर उभं राहत आधी मेन स्विच पाडला. मग हाक मारली, "मावशी, लवकर या! आई मला एकटीला उचलत नाहीत."

शालनबाई धावत उतरल्या. दोघींनी जोर लावला, पण कस्तुराबाई काही हलेनात. पाणी खाटेला टेकलं.

"मला राहू द्या गं, तुमी वर जा," कस्तुराबाई म्हणाल्या.

"गप बसा आई," मैत्रीने त्यांना घट्ट धरलं. तिला रडू फुटलं होतं. "हे पाणी जात का नाही? इथे जाळी होती ना?"

जाळी नेमकी कुठे, हे सगळ्या गल्लीत एकाच माणसाला पाठ होतं. रोज तेल ओतणाऱ्या शालनबाईंना! त्यांनी भिंतीला धरून, पुढचं पाऊल बांबूने चाचपत पट्टा गाठला आणि ओढून काढला. तरी पाणी जाईना. तेव्हा त्यांनी भज्यांचा लांब झारा आणून माझे गज खरवडले. झाऱ्यावर काळा, चिकट गोळा आला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"ह्ये तर माझंच त्याल हाय," त्या हळूच म्हणाल्या, आणि आणखी जोराने खरवडू लागल्या.

मग मी श्वास घेतला, मित्रांनो. किती दिवसांनी! पाणी गरगरत माझ्यात शिरलं आणि खाटेखालून उतरत गेलं. पण तुम्ही असं साचलेल्या पाण्यात उतरू नका. माझ्या कितीतरी बहिणी भंगारासाठी चोरीला गेल्या आहेत, तिथे उघडा खड्डा असतो. मी जागेवर होते म्हणून निभावलं.

त्यानंतर कित्येक दिवस गल्लीतले लोक पाणी उकळूनच प्यायले. शालनबाई आता तेल डब्यात साठवतात आणि वापरलेलं तेल नेणाऱ्याला देतात. निर्माल्य, शेंड्या कचऱ्याच्या गाडीत जातात. विलासने पट्टा भंगारात टाकला. परवा तो माझा झिजलेला कोपरा बघत म्हणाला, "आई, हिच्याखाली एक रबराची चकती बसवतो. आवाज बंद होईल."

"नको रे बाबा," कस्तुराबाई खाटेवरून म्हणाल्या. "वाजू दे तिला. वाजली की मला कळतं, ती उघडी हाय."

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत माझी एखादी बहीण असेल. तिच्यात काही ओतू नका, तिच्यावर काही अंथरू नका. आमच्याकडे आता दुचाकी गेली की मी खुशाल खडखडते, आणि आत कस्तुराबाई कूस बदलून निवांत झोपतात.