घडल्याशिवाय पाटी नाही

बागेतल्या पाट्या माळीकाका स्वतःच करायचे. मोडक्या खोक्यांची फळकुटं, पांढरा रंग आणि शाळेत बक्षीस मिळालेलं असावं असं वळणदार अक्षर. ‘घसरगुंडीला जीभ लावू नये.’ ‘बाकाच्या जाळीत बोट घालून पाहू नये.’ लोक वाचून हसत. रोज बाबागाडी घेऊन येणाऱ्या तिला मात्र हसू फुटत नसे. पाटी म्हटली की मागे कुणाची तरी खरीखुरी जीभ आली, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

तिची लेक पिल्लू दीड वर्षाची झाली होती आणि तळ्याच्या कुंपणाचा एक गज गळून पडला होता. या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. पिल्लू बाबागाडीतून उतरली की बदकांच्या ओढीने थेट त्या फटीकडे सुटायची.

“काका, तिथे काहीतरी करा ना.”

“काय झालं तिथे?”

“अजून काही नाही झालं.”

“मग?” माळीकाकांनी खुरपं खाली ठेवलं. “ताई, घडल्याशिवाय पाटी नाही. न घडलेल्याच्या पाट्या लिहीत बसलो तर बाग पुरेल का?”

“निदान गज तरी बसवा.”

“गजाचा अर्ज वर गेलाय. माझ्या हातात फक्त फळकुटं.”

घरी नवरा म्हणाला, “तू उगाच घोर लावून घेतेस.” सासूबाई म्हणाल्या, त्यांची चार पोरं वाढली, एकही तळ्यात पडलं नाही. त्यांच्या वेळी आसपास तळंच नव्हतं, हे तिने मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लूला सासूबाईंजवळ वाळूत बसवून ती “एक चक्कर मारून येते” म्हणाली, तळ्याकाठी गेली आणि फटीत पाय घातला. माळीकाकांना हाक मारायची, फट दाखवायची, पाय काढून घ्यायचा, असा बेत होता. हाक मारून झाली. फट दाखवून झाली. गुडघा काही बाहेर येईना.

काकांनी साबण आणला. “एवढ्या शिकलेल्या तुम्ही!”

“घडलं की नाही आता?”

काकांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “घडलं,” म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढली. “पाटी लहानांसाठी करू की मोठ्यांसाठी? त्यावर फळकूट ठरतं.”

“मोठ्यांसाठी. चांगली मोठी करा.”

तिसऱ्या दिवशी पाटी लागली. चांगली पुरुषभर उंच, या गजापासून त्या गजापर्यंत तारेने करकचून आवळलेली. ‘सुशिक्षित स्त्रियांनी कुंपणात पाय घालू नये.’ पिल्लू धावत गेली, फळकुटावर आपटली, दोन्ही हातांनी ते बडवू लागली आणि बदकांना विसरली.

सासूबाईंनी चष्मा लावून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

“अगंबाई! अशाही बायका असतात?”

“असतात हो एकेक,” ती म्हणाली आणि खरचटलेला गुडघा बाबागाडीच्या आड नेला.