वाकडे टाके

दुकानात माणसं दोनच. पुढे फळीशी ताई, मागे खिडकीशी तिचा धाकटा भाऊ. गिऱ्हाइकं त्याला रफूवाला म्हणत, ताई बारक्या म्हणे. बारक्याचे कानांवरचे केस पांढरे झाले तरी तो बारक्याच. वडिलांनी जाण्याआधी कामं वाटून दिली होती: याचा हात सुईला, हिचं तोंड लोकांना.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कोटाला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या शिवणीत सोडलेली जादा कापडाची माया उसवायची, तिथले धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे विणायचे. बाहेरचा धागा कितीही जुळता आणा, उन्हात गेला की चहाडी करतोच. काम झालं की कपडा ताईपुढे येई. ती डोळे मिटून त्यावरून बोट फिरवी. बोट अडलं तर कपडा मुकाट्यानं परत खिडकीशी. नाही अडलं तर इस्त्री उचलून ती गुणगुणे:

भाऊ माझा रफू करी, भोक कुठं ते दिसेना,
शोधून दमले डोळे, बोट कुठं अडेना.

भावाच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ताईनं फार विचार केला नाही. तिच्या नवऱ्यानं जरा दमानं घे म्हटलं, तर ती म्हणाली की आतल्या शिवणीत धागा असताना बाजार कशाला हिंडायचा. तपासण्या जुळल्या. तिची एक किडनी भावाच्या पोटात बसली आणि कामाला लागली. मग ताई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली, किडनी माझ्यावरच गेलीय हो, रिकामी म्हणून बसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं होतं. अंगात पहारेकरी असतात. बहिणीची झाली तरी किडनी त्यांना परकीच, ते तिला चोर समजून धरणार. म्हणून त्यांना पेंगत ठेवायची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

त्या गोळीनं पहारेकरी पेंगले आणि भावाचा हात थरथरू लागला. पेला धरताना कळत नसे, पण सुईच्या नेढ्यात धागा जाईना. बटणं, दुमडी एवढं तो कसंबसं करी. नाजूक कपडे आले की डोळ्यांचं निमित्त सांगून परत पाठवी. सकाळी लवकर येऊन ताई सुयांमध्ये धागे ओवून ठेवू लागली. भाऊ आला की खिडकीतल्या गादीत सुयांची रांग उभी असे, प्रत्येकीला शेपूट.

असं चाललं असताना रक्तात विषाणू सापडला. लहानपणी कधीतरी बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि किडनीत निजून राहतो, अशी त्याची जात. पहारा जागा असतो तोवर याची झोप मोडत नाही. इथं पहाराच पेंगलेला, तो उठून बसला. डॉक्टरीणबाई सांगता सांगता म्हणाल्या की बरेचदा तो देणाऱ्याच्या किडनीतूनच येतो. ताईनं पुढचं ऐकलं नाही. बाहेर बाकावर ती पदराचा काठ चोळत बसली. देऊन देऊन काय दिलं मी, म्हणाली.

भाऊ शेजारी टेकला. कांजिण्या कुणी दिल्या होत्या, गोवर कुणी दिला, अशी त्यानं उजळणी काढली. "तुझं उष्टं काय आज पहिल्यांदा खातोय?"

ताईला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही.

या विषाणूवर हुकमी औषध नव्हतं. गोळी कमी करून पहारेकऱ्यांना थोडं जागं करायचं, म्हणजे ते त्याला आवरतील. पण फार जागे झाले तर किडनीवरच उठतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावरून चालायचं. गोळी कमी झाली. विषाणू हळूहळू ओसरला. आणि एके सकाळी भावानं धागा ओला करून सुईशी नेला, तर तो आपल्या पायानं चालत आल्यासारखा आत गेला. त्या दिवशी त्यानं ताईनं ओवलेल्या सुयांना हातही लावला नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा थोडी वाढवली. विषाणू निजलाय, आता उलटा धोका, म्हणाल्या. भावानं मान डोलावली.

ताईचा एक लोकरी कोट होता. ऑपरेशनला भरती होताना तिनं तोच घातला होता, आणि तिथल्या खुर्चीच्या खिळ्यानं त्याची पाठ फाटली होती. तो तसाच खुंटीला लोंबत होता. एक दिवस भावानं तो घडी घालून तिच्यापुढे ठेवला आणि बघ म्हणाला.

ताईनं डोळे मिटून बोट फिरवलं. अडलं नाही. कोट खिडकीशी धरला. उजेडाचा ठिपकाही पलीकडून आला नाही. इतकं सुरेख रफू वडिलांच्या हातूनही झालं नसेल. तिनं इस्त्री उचलली, गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीत तिचा आवाज अडला. गोळी वाढून बरेच दिवस झाले होते.

"बारक्या, हात पुढं कर."

त्यानं केला. हात बंद खोलीतल्या ज्योतीसारखा स्थिर.

"गोळी किती घेतोस?"

तो कोटाकडे बघत राहिला. जुनीच, म्हणाला, कमी केलेली. तपासणीला रक्त द्यायची वेळ जवळ आली की चार दिवस पुरती घ्यायची, एरवी कमी. एवढा कोट झाला की नीट घेणार होतो. "तू अख्खी किडनी दिलीस, ताई. मला तुझं एक भोक तरी बुजवू दे म्हटलं."

ताईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. "वेड्या, कोट मी पोतेऱ्याला दिला असता. किडनी कुठून आणू? एकच उरलीय, आणि तीही काढून देईन म्हणण्याइतकी मी खुळी आहे. तेवढं मला करायला लावू नकोस."

दुकानाला कुलूप लागलं. दवाखान्यात रक्त तपासलं, ते बिघडलेलं निघालं. सुईनं किडनीचा कण काढून तपासला. पहारेकऱ्यांनी तिला धरायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाई हळू आवाजात रागावल्या, ते ओरडण्याहून जड गेलं. हात थरथरतो हे मला का सांगितलं नाहीत, म्हणाल्या. गोळी बदलून पाहिली असती, अजूनही पाहू, पण थरथर पुरती जाईल असा शब्द देत नाही. तूर्त शिरेतून जोरकस औषध, आणि त्यानं विषाणू पुन्हा उठू नये याची वाट पाहणं.

त्या दिवसांत ताईचा जीव टांगणीला होता. ती खाटेशी बसून त्याच्या बोटांना तेल लावी. भावानं विचारलं, रागावलीस? ती म्हणाली, रागावून काय करू, तुझ्यात माझाच माल आहे, माझंच नुकसान होईल.

रिपोर्ट आला. विषाणू निजलेलाच होता. किडनीनं थोडं गमावलं, ते परत येणार नव्हतं. पण ती तगली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वीइतकी नाही, तरी जपलीत तर साथ देईल.

भाऊ पुन्हा खिडकीशी बसला. गोळी बदलली, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. ताई आली आणि तोच कोट त्याच्यापुढे टाकला. कोपर विरलंय, म्हणाली, रफू कर. तो म्हणाला, आता माझ्यानं ते व्हायचं नाही. ती फळीकडे वळली. तू कर, झालं की दे.

त्याला अख्खी दुपार लागली. कोट पुढे आला तेव्हा तो खाली बघत होता. ताईनं डोळे मिटले. बोट पहिल्या टाक्याला अडलं, दुसऱ्याला अडलं, मग प्रत्येक टाक्याला ठेचकाळत पुढे गेलं. कुठे ओढलेलं, कुठे सैल, रांगेतून बाहेर डोकावणारं.

"अडलं ना?" त्यानं कोटासाठी हात पुढे केला. "आण परत."

ताईनं कोट दिला नाही. ती तो अंगात घालून बटणं लावू लागली. मग इस्त्रीशी उभी राहिली, आणि कपड्यांच्या थप्पीआडून तिचा आवाज आला:

भाऊ माझा रफू करी, टाका वाकडा चालला,
वाकड्या त्या वाटेनं गं भाऊ घरला आला.

दुकान बंद होईपर्यंत काम करता करता तिचं बोट कोपराकडे जात होतं, अडत होतं.