तीन रेघांची खोट

मित्रांनो, मी एक जुना व्हर्नियर आहे आणि दुसऱ्याच्या आत डोकावून बघायची मला खोड आहे. वस्तू हाती आली की ती बाहेरून किती, आतून किती, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. अर्थात मला घडवलंच त्यासाठी. माझे खालचे दोन मोठे जबडे वस्तूला बाहेरून धरतात आणि वरचे दोन छोटे जबडे नळीत शिरून तिचं पोट मोजतात. माझ्या सरकत्या पट्टीवर बारीक रेघा कोरलेल्या आहेत. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग.

आष्टीच्या बाजारतळाजवळ धुळाजी मिस्त्रींचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. तरुणपणी त्यांनी मला नगरहून आणलं, तेही रुमालात गुंडाळून, मांडीवर ठेवून. तेव्हापासून मी विहिरीच्या मोटारींचे शाफ्ट मोजले, ट्रॉल्यांच्या पिना मोजल्या, बेरिंगं तर किती मोजली याची गणतीच नाही. गावात म्हणायचे, मिस्त्रींचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे ऐकून फुगायचो मात्र मी.

मिस्त्रींचा मुलगा धर्मराज हाताखाली काम शिकू लागला, तेव्हा त्याला पहिला धडा मिळाला तो माझ्याबद्दलचा. "हत्यार मशीनवर ठेवायचं न्हाई. वापरलं की डब्बीत." पोरगा विसरला की मिस्त्री चार गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार करायचे. आणि एके दुपारी, धर्मराज जेवायला गेलेला असताना, खुद्द मिस्त्रींनीच मला मशीनवर ठेवलं. मशीन थरथरलं आणि मी खाली फरशीवर आपटलो.

छोटे जबडे वाचले, पण मोठ्यांपैकी एक किंचित वाकला. तेव्हापासून मोठे जबडे पूर्ण मिटले तरी मी शून्य दाखवत नाही. तीन रेघा जास्त दाखवतो. मिस्त्रींनी मला उचललं, उजेडात धरलं, सगळं समजून घेतलं आणि गुपचूप डब्बीत ठेवलं. ज्या चुकीवरून मुलाला इतकं बोललो ती आपल्याच हातून झाली, हे त्यांच्या तोंडून निघेना. तेव्हापासून बाहेरचं माप ते स्वतःच घेऊ लागले, मनातल्या मनात तीन रेघा वजा करून. झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा वर्षं ती मूठ मीही झाकून धरली.

आता ईश्वरीबद्दल सांगतो. मेन रोडवर भांड्यांचं दुकान असलेल्या विरुपाक्षआप्पांची ही मुलगी, वय तेरा. दिवाळीनंतर एका सकाळी ती पोतं घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मिस्त्री लेकीकडे धर्मापुरीला गेले होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या घाईत असल्यामुळे दारात ट्रॉल्यांची रांग लागली होती. पोत्यातून तिनं पाय ठेवायचा एक पाट काढला, दोन चाकं काढली, खाली चाक धरणारा आणि वर नळी असलेला एक चिमटा आणि हातात धरायचा एक उंच दांडा काढला.

"हे काय गं?" धर्मराजनं विचारलं.

"फ्रीस्टाईल स्कूटर, काका. पायानं ढकलायची, अन् उड्या मारायच्या. अजून जोडायची हाय."

पाट आणि चिमटा पुण्याच्या मामेभावाचा, त्याला लहान पडू लागलेला. बाकीचं पार्सलनं वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवलेलं. आधी मागवलेली चाकं तीस मिलिमीटर जाड निघाली होती. ती चिमट्याच्या दोन पायांत शिरेनात म्हणून परत गेली. त्यावरून पोरगी शहाणी झाली होती आणि आता प्रत्येक माप वहीत लिहीत होती. नवी चाकं चोवीस जाड, उंची एकशे दहा, बेरिंगचं भोक आठ, आस आठ. मला तर पर्वणीच! शाफ्ट आणि पिना मोजून कंटाळलेल्या माझ्यापुढे अशी नवलाई कधी आली नव्हती.

धर्मराजनं दांडा चिमट्यावर धरून पाहिला आणि हसला. "दांडा चुकीचा आणलास. ह्यो जाड हाय. सायकलीचा दांडा चिमट्याच्या नळीत जातो."

"ह्याचा वरून बसतो, काका. टोपीवानी. अन् बाहेरून क्लॅम्पचं कडं आवळायचं."

मी चाटच पडलो. इतक्या वर्षांत आत जाणारे दांडेच पाहिले होते. पण वरून बसणारा हा दांडा चिमट्याच्या नळीवर डगडग हलत होता, कारण त्याचं पोट मोठं होतं. दोन्हींच्या मध्ये एक बुश हवा होता. म्हणजे एक पातळ नळी, आतून चिमट्याला आणि बाहेरून दांड्याला घट्ट बसेल अशी.

धर्मराजनं माझ्या छोट्या जबड्यांनी दांड्याचं पोट मोजलं. एकतीस पॉइंट आठ. ते खरं होतं. मग मोठ्या जबड्यांनी चिमट्याची नळी धरली आणि मी सांगितलं, अठ्ठावीस पॉइंट नऊ.

ईश्वरी वहीत बघत थांबली. "काका, चिमटा अठ्ठावीस पॉइंट सहाचा असतो. सगळीकडं तसंच लिवलंय. नऊ कावून आलं?"

"व्हर्नियर खोटं बोलत न्हाई. अण्णांचा हाय त्यो," धर्मराज वडिलांचा हवाला देत म्हणाला आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळला.

मला बोलता येत असतं तर! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ रेघ न रेघ मोजणारा मी, माझ्या डोळ्यातलं मुसळ दाखवू शकलो नाही. बुश तयार झाला. आतून तीन रेघा मोठा, कारण चिमट्याचं माप मी वाढवून सांगितलं. बाहेरून तीन रेघा लहान, कारण बुशचं मापही मीच वाढवून सांगितलं. तो दोन्हीकडून सैल होता. "क्लॅम्प आवळला की बसतंय," म्हणत धर्मराजनं बोल्ट कचकचून आवळले. क्लॅम्पच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या, पण दांडा काही आवळला गेला नाही. हे फक्त मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी विरुपाक्षआप्पा स्वतः स्कूटर उचलून वर्कशॉपमध्ये आले. मागे ईश्वरी, हनुवटीला पट्टी. बाजारतळाच्या ओट्यावरून तिनं उडी मारली, चाक सरळ उतरलं, पण दांडा हातात फिरला आणि ती तोंडावर आपटली. दोन टाके पडले होते.

"लागलं तर स्कूटर भंगारात, हे आमचं आधीच ठरलं व्हतं," आप्पा म्हणाले. "ह्याचे तुकडे करून द्या. न्हाईतर ही परत जोडंल."

धुळाजी मिस्त्री त्याच सकाळी परतले होते. ते खुर्चीत बसून ऐकत होते.

"माप बरोबर व्हतं, आप्पा," धर्मराज म्हणाला. "पोरीनंच बोल्ट ढिला केला आसंल."

ईश्वरीचे डोळे भरून आले होते आणि वही छातीशी धरलेली होती. धर्मराजनं कापायचं हातमशीन उचललं. मिस्त्री गप्प राहिले असते तर कोणालाही काही कळलं नसतं.

"धर्मा, थांब," मिस्त्री म्हणाले. "व्हर्नियर दे."

त्यांनी माझे मोठे जबडे मिटले आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं. "शून्य बघ कुठं हाय."

धर्मराज वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. "तीन रेघा पुढं."

"अकरा वर्सं झाली. मीच पाडला. तुला वरडत व्हतो, अन् मशीनवर मीच ठेवला. सांगायची लाज वाटली." मग ते आप्पांकडे वळले. "आप्पा, पोरीनं काय बी चुकवलं न्हाई. तिला लागलं ते माझ्यामुळं."

आप्पा म्हणाले, "मिस्त्री, मी पितळ इकतो. माझा काटा तपासून शिक्का मारून घेतो, मुदतीच्या मुदतीला. अन् तुमी अकरा वर्सं..." पुढचं त्यांनी गिळलं.

ईश्वरीनं वही उघडली. "नऊमधून तीन गेले, सहा. अठ्ठावीस पॉइंट सहा. मी म्हनले व्हते, काका."

धर्मराजनं मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून पुटपुटला, "फेकून देऊ का ह्याला?"

"कावून?" ईश्वरी म्हणाली. "किती चुकतो ते आता कळलंय की."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी पुष्कळ स्तुती झाली. पण ह्या वाक्यानं मला जितकं बरं वाटलं तितकं कशानंच वाटलं नाही.

"दुसरा बुश कवा व्हईल?" आप्पांनी विचारलं.

तो तासाभरात झाला. मिस्त्री लेथवर उभे राहिले आणि माप ईश्वरीनं वाचलं, बाहेरच्या मापातून दर वेळी तीन वजा करून, मोठ्यानं. बुश लाकडी हातोडीनं ठोकून बसवावा लागला. मग आप्पांनी पुढचं चाक गुडघ्यांत दाबून धरलं आणि सगळं बळ लावून दांडा पिळला. त्यांचा चेहरा लाल झाला, पण दांडा जागचा हलला नाही. त्यांनी स्कूटर मुलीच्या हातात दिली आणि दुकानाकडे निघून गेले.

त्या दिवशी ईश्वरीनं टोकदार खिळ्यानं माझ्या पाठीवर कोरलं, 'उणे ३'. मला तो शिक्काच वाटतो. आता धर्मराज रोज सकाळी आधी माझे जबडे मिटतो, शून्य बघतो आणि मगच कामाला लागतो.

मित्रांनो, हत्यार जपा, जागच्या जागी ठेवा. आणि कधी पडलंच, तर त्याच दिवशी सांगा. ईश्वरीच्या हनुवटीवर टाक्यांचा वण अजून आहे. परवा तिनं हसत हसत तो माझ्या छोट्या जबड्यांनी मोजला. नऊ मिलिमीटर भरला. ते माप अगदी बरोबर आहे.