पडद्याच्या मागल्या अंगाला

धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या आसगावात भैय्यालालच्या टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. तंबूच्या मधोमध पडदा. पडद्याच्या पुढं पुरुष, मागं बायका. कापड पातळ असल्यामुळं चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त आम्हाला उलटं. नावं वाचता यायची नाहीत, आणि सिनेमातला झाडून सगळा मुलूख डावखुरा. हिरो डाव्या हातानं ठोसा हाणायचा, आई डाव्या हातानं घास भरवायची, जज्जसुद्धा डाव्या हातानं हातोडा आपटायचा. कित्येक जणींची तर खात्रीच होती की मुंबईत सगळे डाव्या हातानं जेवतात. "पैसा हाय, पण रीत नाई," असं म्हणून त्या नाक मुरडायच्या.

मी नाक मुरडत नसे, कारण मी जन्माची डेबरी. डावखुऱ्याला आमच्याकडं डेबरा म्हणतात, आणि तेही कौतुकानं नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी मी डाव्या हातानं भात वाढायला वाकले, तर सासूबाईंनी, म्हणजे रेवताबाईंनी, सगळ्या पंगतीसमोर आपलं ताट ओढून घेतलं. तेव्हापासून मी रांधायचं आणि वाढायचं दुसऱ्यांनी. भात माझ्या हातचा चालायचा, हात चालायचा नाही. राग गिळून गिळून माझं पोट भरलं होतं. त्या तंबूत मात्र पिक्चर संपेपर्यंत सारं जग माझ्यासारखं असायचं. ते उलटं दिसतं हे मला कळत होतं, मी काही खुळी नव्हते. पण सुख ते सुख.

त्या सुखात एकच खडा होता. पिक्चरच्या आधी भैय्यालाल एक कार्टून दाखवायचा. त्याच्याकडं ते एकच होतं, त्यामुळं रोज तेच. धानाच्या बांधीत एक टीचभर पोरगी गोफणीनं पाखरं हाकलते, पाखरं पुन्हा येतात, ती पुन्हा हाकलते. बोलणं नाही, नुसती वाजंत्री. पुरुष तेवढ्यात बिडी ओढायला बाहेर जायचे. बायकांना ती पोर फार आवडायची, मला नाही. अख्खं जग तिथं माझ्या बाजूचं आणि ही एकटी उजवी! मला ती सासूबाईंची भाचीच वाटायची.

पिक्चर रात्री संपला तरी आमच्या खळ्यावर तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालायचा. बैल धानावर फिरत असायचे आणि माणसं पिक्चरवर भांडत असायची. एका बाजूला माझा दीर तेजराम. भंडाऱ्याला जाऊन पिक्चर पाहून आलेला, म्हणजे गावातला शेवटचा शब्द. दुसऱ्या बाजूला बेबीबाई ढिवरीण. ती मासळी देऊन धान न्यायला यायची आणि टोपली उतरवायच्या आधी तोंड उघडायची.

"हिरोचा दोस्त सुरुवातीले लय हासला, का तो मेलाच समजा," बेबीबाई म्हणायची. "अन् मायले खोकला आला का तिचा फोटो हारात."

"ते मारपीटीच्या पिक्चरचे कायदे झाले," तेजराम म्हणायचा. "सस्पेन्सचे येगळे रायतात. ज्याच्यावर कोनाचा शक नाई, तोच खुनी."

"अन् तो गालावर वण असलेला नट?"

"तो हरेक पिक्चरमंदी व्हिलन. सस्पेन्समंदी तो फक्त लोकायले भेव दाखवाले ठेवतात."

मीही एकदा मध्ये बोलले, तर तेजराम हसला. "वहिनी, तुमी पडद्याच्या मागून पाहता. उलटं. तुमाले पिक्चरमंदलं काय समजते?"

बेबीबाईनं टोपली दाणकन खाली ठेवली. "मंग आमाले समोर बसवा ना! कायले मागं बसवता?"

शब्दानं शब्द वाढला आणि पैज ठरली. तंबूत नवीन सस्पेन्सचा पिक्चर येत होता. इंटरव्हलला पुरुषांनी एक नाव सांगायचं, बायकांनी एक. खुनी बायकांनी ओळखला तर दुसऱ्या दिवसापासून मधे दोर बांधून बायकाही पडद्यासमोर बसतील. नाही ओळखला तर खळ्यावर पिक्चरचा शब्द काढायचा नाही. भैय्यालालला विचारलं, तर त्यानं मान डोलावली. त्याला काय, तंबू भरला की झालं.

सासूबाई सूप पाखडता पाखडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चंद्रकांता, तू हारली तं तुहं पिक्चर बंद. लय शेफारली तू."

सगळ्या गावात माझी म्हणावी अशी ती एकच जागा होती, आणि मी ती आपल्या जिभेनं पणाला लावून बसले होते.

त्या संध्याकाळी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. पिक्चरमध्ये एका बंगल्यात म्हातारा शेठ मारला जातो. संशय घ्यायला माणसं भरपूर: गालावर वण असलेला पुतण्या, लंगडा माळी, रडणारी बायको, आणि घरचा डॉक्टर. डॉक्टरचं काम करणारा नट आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. शाल पांघरून मुलीची पाठवणी करावी तर त्यानंच. तो पडद्यावर आला की बायका आधीच डोळ्याला पदर लावायच्या.

इंटरव्हलच्या जरा आधी इन्स्पेक्टर म्हणाला, वार डाव्या हाताचा आहे. खुनी डावखुरा आहे.

आमच्या बाजूला एकच गिल्ला झाला. "अवो, इथं तं सारेच डेबरे!" कोणी म्हणालं, सगळ्या घरानं मिळून मारला. बेबीबाई कपाळाला हात लावून बसली.

मला मात्र काहीतरी आठवत होतं. मी तंबूत कपडे बघत नाही, दागिने बघत नाही. मी हात बघते. त्या पिक्चरमध्येही सगळे माझ्यासारखे होते. माळी डाव्या हातानं पाणी घालत होता, पुतण्या डाव्या हातानं सिगारेट पेटवत होता. डॉक्टरनं शेठला इंजेक्शन दिलं तेव्हा मात्र सुई उजव्या हातात होती. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, हा कोण परका आला आमच्यात? आमच्या बाजूनं उजवा, म्हणजे खरोखरीचा डावा.

"डॉक्टर," मी म्हणाले.

बेबीबाई माझ्यावर धावलीच. "येडी झाली काय वो? तो तं हमेशा पोरीचा बाप रायते! तो कसा खून करन?"

"करन. मी सांगते ना."

"चुकली तं साऱ्या बायकायचं नाक कापन तू."

"कापू दे. डॉक्टरच."

बेबीबाईनं माझं मनगट धरून मला तंबूबाहेर ओढत नेलं. गॅसबत्तीखाली तेजराम उभा होता. त्याचं उत्तर तयार होतं. "लंगडा माळी. कोनाचाच शक नाई त्याच्यावर. अन् तुमचं?"

"डॉक्टर," बेबीबाईनंच ठणकावून सांगितलं, जशी काही तिचीच अक्कल.

पुरुष पोट धरून हसले. "पोरीच्या बापालेच फाशी देता का वहिनी?" तेजराम म्हणाला. माझ्या मागं सासूबाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण पदर सावरून आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून चूल आणि मी.

उरलेला पिक्चर मी श्वास रोखून पाहिला. माळ्यावर संशय वाढत गेला तसा पडद्यापलीकडून आरडाओरडा वाढत गेला. माळ्याला बेड्या पडल्या तेव्हा पुरुषांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. मी डोळे मिटले. मग बेबीबाईनं मला असं काही कोपरानं ढोसलं की बरगडी दुखली. डॉक्टरनं अंगावरची शाल फेकली होती आणि त्याच्या हातात पिस्तूल होतं. आमच्या बाजूनं उजव्या हातात.

पडद्याच्या पलीकडं सामसूम, आणि अलीकडं जो कल्ला झाला तो भैय्यालालनं साऱ्या जन्मात ऐकला नसेल. बेबीबाईनं ओंजळभर भुईमुगाची टरफलं पडद्यावरून पलीकडं उधळली. बायका मला मिठ्या मारत होत्या. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भैय्यालालनं मधोमध दोर बांधला. बायका नव्या लुगड्यांत, लग्नाला निघाल्यासारख्या, पडद्यासमोर येऊन बसल्या. सासूबाईसुद्धा आल्या, माझ्या शेजारीच. पण मला बसल्या बसल्याच रुखरुख लागली. जिंकून मी काय मिळवलं? आता हिरो उजवा, आई उजवी, जज्ज उजवा. काल एकटा आमच्यातला निघाला, तोही खुनी!

दिवे मालवले. कार्टून सुरू झालं. वाजंत्री वाजली, पाखरं आली, आणि त्या टीचभर पोरीनं गोफण उचलली.

डाव्या हातानं.

डॉक्टरचं उलटसुलट मी बरोबर लावलं होतं. या पोरीचं लावायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! रोज जिच्यावर दात ओठ खाल्ले, ती माझीच निघाली. मी ताडकन उभी राहिले.

"डेबरी हाय! पोरगी डेबरी हाय!"

"वहिनी, बसा ना खाली," दोराच्या पलीकडून तेजराम ओरडला. "दिसून नाई राहिलं आमाले!"

"रोज बिडी ओडाले जात होते ना भाऊजी? आज पाहा!"

तंबूभर हशा पिकला. त्या दिवशी एकही पुरुष बिडी ओढायला उठला नाही. पोरगी गोफण फिरवत होती, पाखरं उडत होती, पुन्हा फिरवत होती, पुन्हा उडत होती. एकही दगड वाया जात नव्हता. मी तिला डोळे भरून पाहिलं. शेजारून सासूबाईंचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "नेम मात्र पक्का हाय पोरीचा."

सकाळी पंगत बसली तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. भाताचं पातेलं कमरेवर घेतलं, पळी डाव्या हातात धरली आणि चुलीपासून उठून सरळ सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. तेजराम घास हातात धरून बघत राहिला. सासूबाईंनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मग त्यांनी ताट पुढं सरकवलं.

"वाढ," त्या म्हणाल्या. "नेम चुकवू नको."