भिंतीपलीकडची ठकठक

जुन्या पुस्तकांची बांधणी करणारी ती बाई गल्लीत बाइंडरबाई म्हणूनच ओळखली जायची. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि सासरे असे दोघंच. पुढच्या खोलीत प्रेस, कटिंग मशीन, खळीचं पातेलं. मागच्या खोलीत संसार. सासरे पालिकेच्या पंपघरातून निवृत्त झालेले. तिथल्या घरघरीत कान मंद झाले ते झालेच, पण खाडीच्या भरतीची वेळ अजून त्यांच्या अंगात मुरलेली होती.

गल्लीत पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आभाळात औषधालाही ढग नव्हता. भर दुपारी बाराला, डोकं तापवणाऱ्या उन्हात, गटाराच्या जाळीतून पाणी वर आलं. ना आवाज, ना फेस. काचेसारखं नितळ पाणी. लोक दारात येऊन बघत राहिले. तासाभरात ते आलं तसं निघून गेलं.

"खाडी आहे ही," सासरे म्हणाले. "अमावास्येला मोठी भरती असते. पूर्वी पंपघराच्या खालच्या पायरीला शिवून परत जायची. आता समुद्रच वर चढलाय, तिला इथवरची वाट सापडली."

"म्हणजे परत येणार?" बाइंडरबाईने विचारलं.

"पंधरा दिवसांनी. याच वेळेला."

आणि पाणी घड्याळ लावल्यासारखं आलं. मग दर पंधरवड्याला येत राहिलं. लोक चपला हातात घेऊन जा-ये करायला शिकले. शेजारच्या लाँड्रीवाल्याने मात्र हाय खाल्ली. भाऊ उंचावर राहत होता, तिकडे जायचं त्याने ठरवलं. दुकानाची किल्ली सासऱ्यांच्या हातात देताना तो म्हणाला, "काका, कुणी राहिलेले कपडे न्यायला आलं तर देऊन टाका. मला आता तिथे उभं राहवत नाही. खालून कुणीतरी हळूहळू पुटपुटतंय असं वाटतं."

"त्याच्याही कानांचं काहीतरी झालंय," सासरे नंतर हसत म्हणाले.

महिनाभरात बाइंडरबाईच्या लक्षात आलं की खळ वाळत नाहीये. हवा कोरडी ठणठणीत, तरी खालच्या फळीवरचे कागद कडांनी वर वळत होते. तिने ते वरच्या फळीवर हलवले आणि कामाला लागली.

एका सकाळी ती पुठ्ठा कापत असताना ठकठक ऐकू आली. दोनदा, मग थांबून एकदा. आवाज लाँड्रीच्या बाजूच्या भिंतीतून येत होता. तिने हात थांबवला, तर आवाजही थांबला. सुरी उचलली, तर परत ठक.

तिने सासऱ्यांना हाताला धरून आणलं.

"मला काय ऐकू येणार, पोरी?" म्हणत त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं. "आत कुणीतरी आहे," ते अगदी हळू म्हणाले. "किल्ली आण."

शटर वर केलं. पुढची खोली कोरडी होती. काउंटरवर धुळीचा थर, फरशीवर पावलाचा एक ठसा नाही. मागे कपडे धुवायची खोली पाच पायऱ्या खाली होती, तिचं दार बंद.

"कोण आहे आत?" तिने विचारलं.

ठक.

तिनेच कडी काढली आणि दार आपल्याकडे ओढलं.

पाचही पायऱ्या पाण्याखाली होत्या. उंबऱ्याच्या बोटभर खालीच पाणी होतं, काठोकाठ, थाळीत ओतल्यासारखं सपाट. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा थेट तळापर्यंत उतरला होता आणि तळाच्या फरशीवरची बादली स्पष्ट दिसत होती. इस्त्रीचं लाकडी टेबल तरंगत होतं. त्याचा कोपरा भिंतीवर आपटत होता. दोरीवर राहिलेल्या सदऱ्यांच्या बाह्या पाण्यात बुडाल्या होत्या आणि संथपणे हलत होत्या, कुणी चाचपून बघावं तशा. वारा तर कुठेच नव्हता.

"आज अष्टमी," सासरे म्हणाले. "आज भरतीला जोरच नाही."

"मग हे?"

"हे गटारातून आलेलं नाही. जमिनीतून वर आलंय. आणि गेल्या वेळी आलेलं परत गेलेलंच नाही."

ते बोलत असतानाच टेबलाचं आपटणं थांबलं. पाणी उंबऱ्यावरून अलगद पुढे आलं आणि सासऱ्यांच्या अंगठ्याला लागलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही. तिनेच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर गल्ली कोरडी होती, उन्हात न्हालेली, आणि समोरच्या गॅलरीत कुणी गाद्या वाळत घालत होतं.

घरी येऊन तिने मागच्या खोलीतली खाट सरकवली. सासऱ्यांनी टाच आपटून बघितली. फरशांच्या सांध्यांतून पाण्याची बारीक रेघ वर आली आणि चमकत राहिली.

"चाळीस वर्षं या खाडीला मागे लोटत होतो," सासरे म्हणाले. "आता माझ्याच्याने नाही होत, पोरी. चल इथून."

त्याच संध्याकाळी टेकडीवर राहणारी नणंद टेम्पो घेऊन आली. कागद पहिल्या खेपेला गेले, सासरे दुसऱ्या, प्रेस शेवटच्या. वर्ष संपायच्या आत गल्लीतली उरलेली बिऱ्हाडंही उठली. पालिकेने गल्लीच्या तोंडाशी विटांची भिंत घातली, तीही खालून ओली दिसायला लागली.

आता ती नणंदेच्या घरी, टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावर बांधणी करते. कागद सपाट राहतात, खळ वेळेवर वाळते. सासरे अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आधी खुर्ची घेऊन गच्चीवर जातात. एकदा ती त्यांना जेवायला बोलवायला गेली.

"काय बघताय, बाबा?"

"आपली गल्ली," ते म्हणाले. "बघ ना, किती लखलखतेय. आज तर थेट बाजारापर्यंत."

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गेल्या पौर्णिमेला ती चमक शाळेपाशी संपत होती. नणंदेला जेवण झाकून ठेवायला सांगून ती परत वर आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.