मिसिंग म्हंजे काय गं?

कोल्हापुरातल्या शाळेत वर्षाराणी इंग्रजी शिकवायची. एकदा वर्गात ती म्हणाली, "बस चुकली तरी मिस, नेम चुकला तरी मिस, कुणाची आठवण छळली तरी मिसच. पण तुम्ही मला मिस म्हणता तो शब्द निराळ्या घरचा. तो मिस्ट्रेसवरून आला, म्हणजे मालकीणबाईवरून." पोरं फिदीफिदी हसली.

विजयसिंहाशी तिचा साखरपुडा झालेला. तो फौजेत, काश्मीरच्या बर्फात. फोनवर हे ऐकून तो म्हणाला, "मालकीणबाई, वैशाखात तुझं मिस काढून टाकतो. तवर हिकडं आमचं मिस चालू हाय की!"

पौषात त्यांच्या चौकीवर हिमकडा कोसळला. कोडोलीला त्याच्या घरी निरोप आला तो हिंदीत, पण त्यातला एक शब्द इंग्रजी होता. त्याच्या आईनं, तानाबाईनं, वर्षाराणीला बोलावून घेतलं.

"मिसिंग म्हंजे काय गं? तू शिकवतीस न्हवं?"

वर्षाराणी म्हणाली, "सापडत नाहीत, आत्ती."

"म्हंजे गेला आसं न्हाय की!"

"तसं म्हटलेलं नाही."

तेवढ्या शब्दावर तानाबाईनं दिवस काढले. वैशाख उलटला, तरी बस्त्याच्या साड्या तिनं हलवू दिल्या नाहीत. इकडं वर्षाराणीच्या घरी दुसऱ्या स्थळाचं निघालं, तेव्हा ती भरल्या ताटावरून उठली.

जूनमध्ये ती कोडोलीत असतानाच फोन वाजला. विजयसिंहाचे वडील सयाजी "सापडला" एवढंच बोलले आणि भिंतीला टेकून खाली बसले. तानाबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. साखरेची मूठ भरून ती दाराबाहेर धावली. "सापडला गं बायांनो! माझा सापडला!"

फोनवरचं उरलेलं ऐकून वर्षाराणीनं तिला अंगणात गाठलं. "आत्ती, बर्फ वितळलं, त्यात सापडलेत."

तानाबाईच्या बोटांमधून साखर गळत होती.

"इंग्रजीत सांग," ती म्हणाली. "इंग्रजीत सांग की गं. त्यात आनि कायतरी आसंल."

वर्षाराणीला एकही शब्द सापडेना. तिनं तिला घट्ट मिठी मारली, आणि मग दोघींचाही बांध फुटला.

तिसऱ्या दिवशी तिरंग्यातली पेटी आली. लग्न न झालेल्या मुलीनं कुठं उभं राहायचं, यावर बायका कुजबुजू लागल्या. वर्षाराणी मागं सरकली. तानाबाईनं गर्दीत हात घालून तिला पुढं ओढलं.

"सरका," ती म्हणाली. "सून हाय माझी."