लाडवांच्या कपाटाची झडप

मी कपाटाची झडप बोलतेय, आणि आधी माझी तक्रार ऐका. घरात लाडवांची चोरी व्हायची तेव्हा मी बोंब मारायचे आणि एकाही माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. राहीबाई म्हणायची, "बिजागरी वाळलीया, दुसरं काय!"

कोरेगावाजवळच्या वस्तीवर नियाज मिस्त्रींनी मला घडवलं. सागवानाची आहे मी, उगीच कुणी खोक्याची फळी समजू नका. माझ्याआड राहीबाईनं लाडवांचा डबा ठेवला. लढाईपायी साखर रेशनवर गेलेली, गूळही जपून वापरायचा, त्यामुळं डब्याचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल.

राहीबाईचे मालक पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार. साताऱ्याच्या डॉक्टरनं त्यांचं गोड बंद केलेलं. दुपारी घर आडवं झालं की स्वारी दबकत यायची. मी कर्र करून ओरडले की म्हणायचे, "गप, भवाने!" एक दिवस त्यांनी माझ्या बिजागरीला बोटभर एरंडेल लावलं. मला मेलीला वाटलं, म्हाताऱ्याला माझी माया आली! तेव्हापासून माझा आवाजच गेला.

आळ आला सुनेवर, बनुबाईवर. राहीबाईनं कुंपणावरून शेजारच्या साळूबाईला सांगितलं, म्हणजे साऱ्या वस्तीला सांगितलं. बनुबाई रडून म्हणायची, "आवं आत्याबाई, म्या हातबी लावला न्हाई." तिचंही कुणी ऐकलं नाही. तिला निदान रडता तरी येत होतं.

पुढं कपाटाला वाळवी लागली. नियाज मिस्त्रींनी ठोकून पाहिलं. "हे गेलं, बाई. पन झडप टाकू नका, लय चांगली हाय." पोरांनी उड्या मारल्या. परसात शेवग्याखाली त्यांचं खेळघर उभं राहिलं. मोडक्या बाजेचे पाय झाले खांब, धड उरलेल्या फळ्या झाल्या भिंती आणि दाराला मी. म्हातारपणी भातुकलीत आले! माझी खिटी मात्र जुन्या खोडीची, झडप मिटली की बाहेरून आपसूक पडते.

बाहुलीच्या लग्नाच्या दिवशीच, आता घरातल्या फळीवर ठेवलेल्या डब्यातला आणखी एक लाडू गेला. राहीबाई कडाडली, "बांध गाठोडं! गाडी जुंपलीया, जा खंडाळ्याला म्हायेरी!" बनुबाई गाठोडं घेऊन अंगणात उभी राहिली.

इकडं नात हरणीनं आजीनं दिलेले लाडू खेळघरात वऱ्हाडासाठी मांडले आणि पाहुण्यांना बोलवायला पळाली. तेवढ्यात सुभेदार आले. चालत नव्हे, कोपरांवर सरपटत, मागल्या लढाईत बसऱ्याला शिकले होते तसे. आत शिरले. वारा आला, मी मिटले, खिटी पडली. वारा थोडा होता, बाकीची मी होते. पटक्याचा शेमलाही माझ्या फटीत पकडून ठेवला.

हरणी किंचाळली, "आजी, आत कोनतरी लाडू खातंय!"

राहीबाई केरसुणी घेऊन धावली. मागोमाग बनुबाई, काखेत गाठोडं.

"कोन हाय रं आत?"

"पहारा!" आतून आवाज आला. तोंड भरलेलं.

"लाडवांवर पहारा? या भाईर!"

"आदी सुनंला घरात घाल! माझा पटका अडकलाय, डोस्कं उघडं हाय!"

"तिला कशाला लाजताय? ती तर म्हायेरी निघालीया न्हवं?" राहीबाई म्हणाली, आणि एवढं बोलून तिचं तिलाच उमगलं. तिनं बनुबाईच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं आणि हातातली केरसुणी खाली टाकली. "चुकले बाई मी. गाडीची बैलं सोडायला सांग."

तेवढ्यात कुंपणावरून साळूबाई, "घावला का चोर? कोन गं?"

राहीबाईनं तोंड उघडलं, मिटलं. नवऱ्याचं नाव घेते कशी! बनुबाईनं पदर दातांत धरला. सासऱ्याचं नाव!

"सांगा की गं! दातखीळ बसली व्हय?"

मी अजून शेवग्याखालीच आहे. उन्हानं चिरले आहे, कोंबड्या माझ्यावर बसून घाण करतात. तेल नको मला. कुरकुरले तर उठून बघा, एवढंच मागणं. आणि साळूबाई, वस्तीभर बनूचं नाव खराब केलंस ना? आता हेही सांग सगळ्यांना. मला ना नवरा, ना सासरा, मी घेते नाव: सुभेदार हंबीरराव!